राक्षसाच्या बेंबीतून

रविवारी दुपारी शाल्मलीला घेऊन जातो
कोथरूडच्या मल्टिप्लेक्समध्ये,
अगदी पहिल्या रांगेत, मानेला रग लागते तिथे.
ताई म्हणते, पन्नाशी आली तुझी,
अजून तेच यंत्रमानव, त्याच फुगलेल्या पाली?
मी म्हणतो, हो. पॉपकॉर्नचे पैसे मीच देतो ना.

समुद्रातून आधी पाठ येते.
मग शहरातल्या सगळ्या माना एकदम वळतात.
मला आवडतं ते हे.
एरवी कुठे वळतात?
आमच्याकडे संकट येतं ते हप्त्याहप्त्यानं,
भिंतीत ओल चढावी तसं,
शेजारच्याला कळत नाही, कधी कधी घरातल्यालाही.
हे मात्र तीस मजली.
याला ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणता येत नाही.
याची फाईल दुसऱ्या टेबलावर सरकत नाही.
पूल मोडतो काडीसारखा
आणि माझ्या आत कुणीतरी तेरा वर्षांचा
टाळ्या पिटतो, लाज सोडून.

तेरा वर्षांचा होतो तेव्हा
नाना पेठेत आमच्या मंडळाचा हलता देखावा
रज्जाक मिस्त्री करायचे.
बांबू, गोणपाट, खळ, रद्दीचे सहा थर,
डोळ्यांत लाल बल्ब,
आणि भंगारातल्या फियाटच्या वायपरची मोटर,
तिच्यावर राक्षसाचा हात वर जायचा.
त्या वर्षीचा अठरा फुटी.
सातव्या रात्री मोटर जळाली.
रांग पार क्वार्टर गेटपर्यंत, लोक शिट्ट्या मारतायत.
मिस्त्रींनी पोरांवरून नजर फिरवली
आणि माझ्यावर आणून थांबवली.
“हा मावेल.”

आत खळीचा आंबूस वास,
बल्बची धग, मानेवरून घाम,
हातात सायकलचं पेडल.
पेडल फिरवलं की वर कुठेतरी माझा हात उठायचा,
कोपरापासून नखापर्यंत नऊ फूट.
बेंबीच्या जागी आठ आण्याएवढं भोक होतं,
हवेसाठी.
मी त्याला डोळा लावला.

वर बघणारी माणसं मी तोवर समोरून पाहिली नव्हती.
उघडी तोंडं. खांद्यावरची पोरं.
गिरणीवाले ओसवाल, पांढऱ्या भुवया कपाळात.
आणि तिसऱ्या ओळीत अण्णा.
माझे अण्णा, कारखान्याला टाळं लागून
आठ महिने घरी बसलेले,
जेवताना ताटाकडे, बोलताना भिंतीकडे बघणारे.
ते वर बघत होते.

मी पेडल फिरवलं. हात उठला.
अण्णा एक पाऊल मागे सरले
आणि हसले,
चुकून, दात दिसतील असे.
मी पुन्हा फिरवलं.
पुन्हा.
अण्णा गर्दीबरोबर पुढे ढकलले गेले तरी
फिरवतच राहिलो, खांदा भरून येईतो.

मिस्त्रींनी रात्री वडापाव दिला आणि बजावलं,
आत कोण होतं ते सांगायचं नसतं.
भीती जाते, आणि मजाही.
मी पाळलं.
दवाखान्यात अण्णांचे पाय चेपताना
एकदा ओठांवर आलं होतं.
ते भिंतीकडे बघत होते.

आता पडद्यावरच्याच्या आत कुणी नसतं,
एवढं मलाही कळतं.
“सगळं कॉम्प्युटरवर करतात रे मामा,”
शाल्मलीनं कधीच सांगून टाकलंय.
तरी तो गर्जतो तेव्हा
माझी नजर जबड्याकडे जात नाही,
पोटाकडे जाते.

आणि शेवटच्या मारामारीत,
लोखंड आणि जनावर एकमेकांच्या नरडीला भिडलेले,
खुर्च्या थरथरतायत,
तेव्हा मी चष्मा कपाळावर सरकवून मागे वळतो.
दीडदोनशे चेहरे, निळे, उघडे,
सगळे वर.
तिसऱ्या ओळीवर जरा जास्त थांबतो.

“मामा, पुढे बघ ना! संपेल!”
बाही ओढते.
थांब, म्हणतो,
थांब जरा.